कुठल्या वर्गासमोर उभं राहायचंय?

‘ताई, मी बावीस वर्षांची आहे. यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाले. आम्ही धायरीला राहतो. बाबा बसवर कंडक्टर आहेत, तीन वर्षांनी रिटायर होतील. धाकटा भाऊ बारावीला आहे. गेली दोन वर्षं मी घरी आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवते. मला शिक्षिकाच व्हायचंय, यात शंका नाही. बी.एड.च्या सीईटीत बरे मार्क पडलेत. पण कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, आधी एम.ए. कर, विषय पक्का होईल. मामा म्हणतात, बी.एड. आणि पाठोपाठ एम.एड. उरकून टाक. बाबांचं म्हणणं, नोकरी लवकर लागेल ते कर. मैत्रीण सांगते, एक वर्षाचं बी.एड. येणार आहे, थांब. भरती होतच नाही, संस्थेत जागेसाठी पैसे मागतात, हेही सारखं कानावर येतं. आणि खरं सांगू? भूगोलाची मला भीती वाटते. शिकवणीत मी तो नुसता वाचून दाखवते. एकटी आजी तेवढी म्हणते, इतिहासच शिकव, पाणशेतच्या पुरात नारायण पेठेतला आपला संसार वाहून गेला ते कुणी विचारतसुद्धा नाही. मी काय करू? (नाव छापू नये.)’

तुझं पत्र दोनदा वाचलं. मॅडम, मामा, बाबा आणि मैत्रीण काय म्हणतात यातच ते बरंचसं भरलंय. तुझं स्वतःचं म्हणणं दोनच वाक्यांत आलंय: शिक्षिकाच व्हायचंय, आणि भूगोलाची भीती वाटते. मी या दोन वाक्यांना धरूनच लिहिणार आहे.

उत्तर आधी सांगून टाकते. बी.एड.ला प्रवेश घे. एम.ए. नंतर कर, पण नक्की कर. एम.एड.चा विषय सध्या डोक्यातून काढून टाक.

कोणती पदवी हवी हे आपण कुठल्या वर्गासमोर उभं राहणार यावर ठरतं. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड. लागतं, शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास असावी लागते. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला मात्र त्याच विषयातलं एम.ए., तेही किमान 50 टक्क्यांनी, आणि वर बी.एड. आता यात बी.एड. कुठे सुटतंय का बघ. कुठेच नाही. नुसत्या एम.ए.वर शाळेचं दार उघडत नाही. एम.ए. आणि नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या पात्रता परीक्षा, ही सीनियर कॉलेजची वाट झाली. ती चांगली वाट आहे, पण तू ती मागितलेली नाहीस. तुझ्या मॅडम त्याच वाटेनं गेल्या असणार, म्हणून त्यांना ती आधी दिसते. त्यांचं म्हणणं चूक नाही, ते तुझ्या दुसऱ्या टप्प्याचं आहे.

अकरावी-बारावीचा मोह पडला तर एक लक्षात ठेव. तिथे इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांचे शिक्षक वेगवेगळे असतात आणि कला शाखेच्या तुकड्या मी पाहते आहे तेव्हापासून आक्रसतच चालल्यात. आठवी ते दहावीचे वर्ग मात्र प्रत्येक शाळेत असतात. तू दोन वर्षं त्याच वयाच्या मुलांत बसतेस, न कंटाळता. हे साधं नाही. त्या वयाची मुलं न आवडणारे कितीतरी जण मी बी.एड.च्या वर्गात पाहिलेत.

मैत्रिणीचं एक वर्षाचं बी.एड. घेऊ. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते आहे, पण ज्यांची पदवी चार वर्षांची आहे किंवा ज्यांचं एम.ए. झालंय त्यांच्यासाठी. तुझं बी.ए. तीन वर्षांचं. म्हणजे त्या रांगेत उभं राहायला आधी दोन वर्षांचं एम.ए., मग ते एक वर्ष, अशी तीन वर्षं झाली. बाबा तोवर रिटायर झालेले असतील. आजचं बी.एड. दोन वर्षांचं आहे, 2015 पासून तसंच चालू आहे, आणि तुझे सीईटीचे मार्क हातात आहेत. ते सोडून थांबायचं कशासाठी?

मामांचं एम.एड. म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्यांची पदवी. अध्यापक महाविद्यालयात किंवा प्रशिक्षण संस्थेत जायचं असेल तर ती लागते. शाळेत तिच्यामुळे तुझा वर्ग एक मिनिटानंही चांगला होणार नाही. पाच-सात वर्षं शाळेत शिकवून मग एम.एड.ला आलेली माणसं वेगळीच असतात. त्यांच्या प्रश्नांमागे खरी मुलं असतात, नावानिशी आठवणारी.

आता बाबांची काळजी. ती मला सगळ्यांत खरी वाटते, म्हणून सगळं उघड सांगते. आपल्याकडे शिक्षक भरतीला दोन परीक्षा लागतात आणि नावं सारखी असल्यानं घरोघरी घोळ होतो. टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीसाठी. तुला दुसरा पेपर द्यायचा. 150 गुणांतले 60 सामाजिक शास्त्रांना, 30 बालमानसशास्त्राला, उरलेले 60 दोन भाषांना. पास व्हायला खुल्या गटात 60 टक्के, म्हणजे 90 गुण. एकदा पास झालीस की आता ती आयुष्यभर चालते. नोकरीत असलेल्यांनाही ती चुकत नाही: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी टीईटी पास व्हायलाच हवं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2025 मध्ये दिला. दुसरी परीक्षा टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. 200 प्रश्न, दोन तास, विषयज्ञान नाही. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलमधून निवड होते.

ही टेट दरवर्षी होत नाही, अडचण तिथे आहे. पहिली 2017 ला झाली, दुसरी 2023 ला, तिसरी 2025 ला. पहिल्या दोघींमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्यात कित्येकांची उमेद गेली. म्हणून जाहिरात आली की अभ्यासाला बसू, हे इथे चालत नाही. बी.एड. हातात आणि टीईटी पास, या तयारीनं तू असायला हवंस. सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय पात्रता परीक्षा, बी.एड. करत असतानाही देता येते, ती दुसऱ्या वर्षात देऊन टाक. पुण्यात सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत, भरती लांबली तर तिथे काम मिळू शकतं. त्यासाठी इंग्रजीतून शिकवण्याचा सराव मात्र आत्तापासून हवा.

पोर्टलवरून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये आहे. बाबांना हा आकडा आजच सांग. तीन वर्षांनी घर तुझ्या पगारावर चालेल असं त्यांच्या मनात असेल, तर ते लगेच होणार नाही हे त्यांना आधी कळलेलं बरं. भावाच्या शिक्षणाचं नियोजन त्यावर अवलंबून आहे.

पैशांचं तू ऐकलंस ते मीही ऐकत आलेय. कुणाही मध्यस्थाला, कुठल्याही कारणानं, एक रुपया द्यायचा नाही. पोर्टलवर मुलाखतीशिवाय होणारी निवड आहे. पसंतीक्रम भरताना ती पदं आधी घाल. दागिने मोडून मिळवलेल्या जागेवर बसून मुलांना नागरिकशास्त्र कसं शिकवणार? हा प्रश्न माझ्याच एका विद्यार्थ्यानं मला विचारला होता. त्यानं पैसे दिले नाहीत, चार वर्षं थांबला, आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.

आता तुझी भीती. इथे मी जरा थांबणार आहे.

माझं बी.एड. इतिहास आणि मराठी अशा दोन मेथड, म्हणजे शिकवायला शिकण्याचे विषय, घेऊन झालं. भूगोल मी दहावीनंतर उघडलासुद्धा नव्हता. पहिल्या शाळेत वेळापत्रक हातात पडलं तेव्हा नववीचा भूगोल माझ्या नावावर होता. तक्रार करायची सोय नव्हती, आणि खरं तर कारणही नव्हतं, कारण शाळेला सामाजिक शास्त्रांची बाई हवी असते, नुसत्या इतिहासाची नाही. वाररेषेचा, म्हणजे जिथे वार बदलतो त्या नकाशावरच्या रेषेचा, पाठ आला. मी आदल्या रात्री पाठ करून गेले आणि फळ्यावर उलटं लिहिलं: आशियाकडून अमेरिकेकडे जाताना रेषा ओलांडली की एक वार पुढे टाकायचा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात वही होती, तिनं त्यात रेखावृत्तं काढून हिशेब मांडला होता. म्हणाली, “बाई, पूर्वेला जाताना दर रेखावृत्ताला चार मिनिटं घड्याळ पुढे करतच आलो. रेषेवर पुन्हा वार पुढे टाकला तर हिशेब कसा जुळेल?”

तिचं बरोबर होतं. पूर्वेकडे जाताना रेषा ओलांडली की तोच वार पुन्हा धरायचा असतो, पश्चिमेकडे येताना एक वार गाळायचा असतो. मी त्या तासाला ‘उद्या बघू’ म्हणाले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, फळ्यावर कालचं वाक्य पुन्हा लिहिलं, त्यावर काट मारली आणि तिला पुढे बोलावून तिच्याच वहीतून समजावून सांगायला लावलं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सहावीपासूनची भूगोलाची पुस्तकं आणली आणि पहिल्या पानापासून, स्वाध्यायासकट, विद्यार्थिनीसारखी सोडवली. तूही हेच कर. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. दुसरा कुठलाही क्लास लावायच्या आधी ती संपव.

बी.एड.ला दोन मेथड घ्याव्या लागतात. इतिहासाबरोबर बहुतेक मुली मराठी घेतात, कारण ते सोपं वाटतं. महाविद्यालय देत असेल तर तू दुसरी मेथड भूगोल घे. मी हे आग्रहानं सांगते आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर असतो आणि एकट्या भूगोलाचा 40 गुणांचा. म्हणजे तुझ्या कामाचा अर्धा भाग भूगोल आहे. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं. ॲमेझॉनचं खोरं वाचून दाखवणाऱ्या बाईंच्या वर्गात मुलं झोपतात. गंगेच्या खोऱ्यात इतकी दाटी आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात इतकी विरळ वस्ती का, हा प्रश्न टाकून गप्प राहणाऱ्या बाईंच्या वर्गात भांडणं होतात. आपल्याला भांडणं हवीत.

नकाशा वाचता येणं ही भूगोलाची खरी अडलेली पायरी. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा पुण्याचा स्थलनिर्देशक नकाशा मिळव. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. त्यात धायरी शोध, सिंहगड शोध. गडाच्या कड्याशी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. नदीकाठाला येईपर्यंत त्या लांब लांब होत जातात. मग गच्चीवर जा आणि तोच उतार डोळ्यांनी बघ. हे एकदा झालं की समोच्च रेषा हा शब्द तुला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

आणि आता तुझ्या आजीकडे येते. तिचं वाक्य तू पत्राच्या शेवटी जाता जाता टाकलंस, पण या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे.

12 जुलै 1961. आंबी नदीवरचं पाणशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, ते फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं, तिथलं ब्रिटिश काळातलं दगडी धरणही फुटलं, आणि मुठा पेठांत शिरली. तुझ्या घरावरून जाणाऱ्या सिंहगड रस्त्याच्या बाजूनंच ते पाणी शहरात उतरलं. आता ही एक घटना घेऊन वर्गात उभी राहा. पाणी आधी नारायण, शनिवार पेठेतच का घुसलं? नकाशा काढावा लागतो, काठ आणि उतार बघावा लागतो. हा भूगोल. तेव्हा राज्य कुणाचं होतं? 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला होता, म्हणजे राज्य जेमतेम चौदा महिन्यांचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोग म्हणजे काय, तो न्यायालयापेक्षा वेगळा कसा, त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक असतो का? हे राज्यशास्त्र. बेघर झालेली माणसं कुठे गेली? गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, शहर पेठांबाहेर पसरलं. आणि हे सगळं आपल्याला कशावरून कळलं? वर्तमानपत्रं, सरकारी कागद, फोटो, आणि तुझ्या आजीसारख्या माणसांच्या आठवणी. दोन साधनं एकमेकांशी जुळली नाहीत तर विश्वास कशावर ठेवायचा? हा इतिहास, आणि तो नववीच्या पुस्तकाला धरून आहे. ते पुस्तक इतिहासाच्या साधनांपासून सुरू होतं आणि 1960 नंतरचा भारत सांगतं.

तीन विषय तुला वेगवेगळे वाटतात कारण पुस्तकं वेगवेगळी आहेत. पूर आला तेव्हा तो तिन्ही विषयांतून एकदमच आला होता.

बी.एड.मध्ये हे शिकायला मिळतं का? मिळतं, मागितलं तर. तिथे सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, सराव पाठ हे सगळं होईल. टाचणं, म्हणजे पाठाचे आराखडे, लिहून लिहून बोटं दुखतील. टाचणाचे रकाने भरणं म्हणजेच शिकवणं अशी समजूत तिथे फार लवकर होते, तेवढी होऊ देऊ नकोस. सगळ्यांत मोलाची असते ती इंटर्नशिप. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात सलग शाळेत. प्रवेशाचे पर्याय भरायच्या आधी महाविद्यालयात जाऊन दोनच गोष्टी विचार: इंटर्नशिपला कुठल्या शाळा देता, आणि भूगोलाची मेथड शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का. इमारत, गणवेश, गॅदरिंग याचं कौतुक नंतर. टिळक रोडजवळचं टिळक शिक्षण महाविद्यालय 1941 पासून शिक्षक घडवतंय, विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, इतरही चांगली महाविद्यालयं आहेत. नावापेक्षा त्या दोन उत्तरांवर जा. शक्य असेल तर इंटर्नशिपला महापालिकेची शाळा माग. ज्या मुलांच्या घरी पुस्तकाचं कपाट नाही त्यांना इतिहास शिकवता आला की तो कुठेही शिकवता येतो.

बी.एड.च्या जोडीनं दूरस्थ एम.ए. करावं का, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. 2022 पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली आहे. तरी करू नकोस. सोळा आठवडे रोज शाळेत उभं राहून, रात्री टाचणं लिहून, वर एम.ए.चे स्वाध्याय, यात दोन्हीकडे वरवरचं होईल. बी.एड. झालं, हाताला काही काम लागलं, की मग विद्यापीठाच्या मुक्त अध्ययन प्रशालेतून किंवा इग्नूतून इतिहासाचं एम.ए. कर. शिकवता शिकवता केलेलं एम.ए. फार वेगळं वाचलं जातं, कारण सकाळी वर्गात अडलेला प्रश्न घेऊन तू रात्री पुस्तक उघडतेस.

मधली दोन वर्षं इतिहास सुटू नये म्हणून एकच गोष्ट सुचवते. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 पासूनचं. तिथे मोडीचे वर्ग होतात. मोडी शीक. तू लगेच संशोधक होणार नाहीस, पण अस्सल कागद हातात धरून एक ओळ लागली की काय होतं ते तुला कळेल. मुलांना ‘साधनं’ हा शब्द सांगताना तुझा आवाज बदलेल. मला पहिली ओळ लागली ती धान्याच्या हिशेबाची होती, कुठल्या लढाईची नव्हे, आणि मी त्या रात्री झोपले नाही.

पर्याय भरायची मुदत संपायच्या आत बाबांना घेऊन एक-दोन महाविद्यालयं बघून ये, इंटर्नशिपचा तो प्रश्न त्यांच्यासमोरच विचार. आणि या रविवारी आजीजवळ बस. पाणी वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, आधी काय उचललं, रात्र कुठे काढली, नंतर रेशन कुठून मिळालं, गोखलेनगरला की आणखी कुठे गेले, असं एकेक विचार. फोनवर रेकॉर्ड कर, वर तारीख, तिचं तेव्हाचं वय आणि वाड्याचा पत्ता लिहून ठेव. तिला आठवत नसेल तिथे तू भरू नकोस, रिकामं सोड. सराव पाठांच्या वेळी ही वही तुला लागणार आहे.